सत्तेचाळीस किलोंचं मत

संसदेत मतं मोजत नाहीत, तोलतात. सभागृहाच्या मधोमध, घुमटाच्या तुळईला एक तराजू टांगलेला आहे. अध्यक्षांच्या उजव्या हाताचं पारडं होकाराचं, डाव्या हाताचं नकाराचं. चर्चा संपली, घंटा वाजली की सदस्य आपापल्या पारड्यात जाऊन मांडी घालून बसतात आणि जे पारडं जमिनीला टेकेल त्या बाजूचा निर्णय देशाला लागू होतो. पद्धत जुनी आहे आणि तिच्याबद्दल सहसा कोणाची तक्रार नसते. माणसं मोजायची म्हटलं तर डुलकी लागलेला एखादा मोजायचा राहून जातो. तराजूत झोपलेल्याचंही वजन पडतं.

त्यामुळे पक्ष तिकीट देताना माणूस पाहून देतात. वरखेड मतदारसंघाचे खासदार रावसाहेब धोंडगे असेच पाहून निवडलेले होते. राजधानीत वरखेडचं वजन होतं आणि ते एकशे एकवीस किलो होतं. तिसऱ्यांदा निवडून आल्यावर दुसऱ्याच वर्षी रावसाहेब छातीत कळ येऊन गेले. पोटनिवडणूक लागली. पक्षाने रीतीप्रमाणे त्यांच्या पत्नीला, सुमित्राबाईंना उभं केलं. सहानुभूतीची लाट होती, सुमित्राबाई भरघोस मतांनी निवडून आल्या आणि शपथविधीच्या दिवशी काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा सत्तेचाळीस किलो भरल्या.

पक्षाध्यक्षांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली आणि काटा बरोबर आहे ना, असं तोलनाधिकाऱ्यांना विचारलं. तोलनाधिकारी वाघुळदे हे तीस वर्षं त्या काट्यापाशी काढलेले गृहस्थ. काटा बरोबर असल्याचं त्यांनी लेखी दिलं. सहानुभूतीच्या लाटेत पक्षाचं चौऱ्याहत्तर किलोंचं नुकसान झालं होतं.

पक्षाने हातपाय हलवले नाहीत असं नाही. सुमित्राबाईंच्या सरकारी बंगल्यावर दिवसातून तीनदा आहार-सल्लागार येई. सकाळी शिरा, दुपारी पुरणपोळीवर वाटीभर तूप, संध्याकाळी बासुंदी. सुमित्राबाई जन्मभर दुसऱ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या, त्यांना ते जाईना. पण पक्षशिस्त म्हणून त्या जमेल तेवढं खात. चार महिन्यांनी त्यांचं वजन तीनशे ग्रॅमनी वाढलेलं दिसलं. पक्ष-कार्यालयात पेढे वाटल्यावर कळलं की ते स्वेटरचं होतं.

मग त्यांचा नाद सोडला गेला. पक्षाचे प्रतोद हणमंतराव थिटे यांनी पारड्याच्या कडेचा एक कोपरा त्यांना नेमून दिला आणि बसताना पाय बाहेर लोंबकळू द्यायचे नाहीत, एवढंच सांगितलं. कोणता सदस्य कोणत्या पारड्यात बसतो हे पाहणं हे प्रतोदाचं काम. थिट्यांच्या खिशात सगळ्यांच्या वजनांची वही असे. ते स्वतः एकशे अडतीस किलोंचे होते, गुडघ्यांनी बेजार होते, आणि रावसाहेबांचे जुने मित्र असल्याने सुमित्राबाईंना वहिनी म्हणत.

अशा रीतीने सुमित्राबाईंनी चौदा महिन्यांत सव्वीस कायद्यांना आपलं वजन दिलं. त्यातले बरेचसे त्यांना समजले होते आणि काही पटलेही होते.

मग ते शाळांचं विधेयक आलं.

वीसपेक्षा कमी पट असलेल्या साऱ्या शाळा बंद करायच्या आणि तिथली मुलं गाडीने मोठ्या शाळेत न्यायची, असं ते विधेयक होतं. देशात त्यावरून दोन तट पडले. सरकारचं म्हणणं असं की मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, मैदान असतं, प्रत्येक विषयाला निराळा शिक्षक असतो. आणि ते खोटं नव्हतं. विरोधकांचं म्हणणं असं की गाडी जाईल तिथं रस्ता लागतो. आणि तेही खोटं नव्हतं. घराघरांत भावाभावांची भांडणं झाली. एका जिल्ह्यात ठरलेलं लग्न या मुद्द्यावरून मोडलं.

सुमित्राबाईंच्या मतदारसंघात अशा सतरा शाळा होत्या. त्यातली घोडदऱ्याची त्यांनी पाहिलेली होती. प्रचारात त्यांची जीप घाटात बंद पडली आणि दुरुस्ती होईतो त्या शाळेच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. एक खोली, एक बाई, नऊ मुलं. दुसरीतली एक मुलगी त्यांच्याजवळ येऊन बसली होती. तिने सांगितलं की वर्गात तिचा पहिला नंबर येतो, कारण दुसरीत ती एकटीच आहे. पहिलीतही ती एकटीच होती, पण तेव्हा तिचा दुसरा नंबर आला होता. अभ्यास कमी पडला, असं ती म्हणाली. घोडदऱ्याहून मोठी शाळा सहा किलोमीटरवर होती आणि मध्ये ओढा होता. ओढ्यावर पूल नव्हता, कारण पलीकडे जाणाऱ्यांची संख्या पुलाला पुरेशी नव्हती.

विधेयकाचा मसुदा वाचल्यावर सुमित्राबाईंना ती मुलगी आठवली आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सभागृहात बोलण्यासाठी चिठ्ठी दिली.

त्याच दिवशी दुपारी थिटे बंगल्यावर आले. सुमित्राबाईंनी चहा ठेवला. थिट्यांनी सोफ्याचा अंदाज घेतला आणि बेताने बसले.

"वहिनी, तुम्ही बोलणार म्हणे."

"पाचच मिनिटं."

थिट्यांनी त्यांना समजावून सांगितलं. मनातलं बोलून टाकलं की माणूस हलका होतो, हे कोणाला ठाऊक नाही? पण इथं त्याची नोंद आहे. वाघुळद्यांनी तीस वर्षांच्या वजनांवरून काढलेला हिशेब असा की मनापासून केलेल्या भाषणाने सदस्य सरासरी दीडशे ते दोनशे ग्रॅमनी उतरतो. गळा भरून आला तर साडेतीनशेपर्यंत. नुसता प्रश्न विचारल्याने काही होत नाही. लिहून आणलेलं भाषण वाचलं तरी काही होत नाही. पण मनातलं बाहेर गेलं की गेलं, ते जेवूनही भरून येत नाही. विरोधक तासन्‌तास बोलतात आणि हरतात, ते यामुळेच. सत्ताधारी बाकं गप्प असतात ती आळसाने नव्हे.

सुमित्राबाईंनी साखर ढवळत विचारलं, "आणि मला हे विधेयक पटलेलंच नसलं तर?"

थिटे रागावले नाहीत. "मग उत्तमच," ते म्हणाले. "न पटलेलं गिळून बसलेला माणूस जास्त भरतो. आपली निम्मी बाकं त्याच्यावर चालली आहेत. माझंच बघा. पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा मी एकसष्ट किलोंचा होतो."

मग त्यांनी पक्षादेशाचा कागद काढून तिपाईवर ठेवला. पक्षाच्या प्रत्येक सदस्याने होकाराच्या पारड्यात बसायचं, न बसल्यास सदस्यत्व जाईल, असा तो कागद होता. खाली सुमित्राबाईंचं नाव होतं आणि नावापुढं कंसात सत्तेचाळीस.

सुमित्राबाई यावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या जिभेवर पुष्कळ आलं होतं, पण ते बाहेर गेलं की दोनशे ग्रॅम जाणार, हे त्यांना आत्ताच समजलं होतं. थिट्यांनी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला, चहा संपवला आणि दोन प्रयत्नांत उठले.

ते गेल्यावर सुमित्राबाईंनी कपबशा उचलल्या. सदस्यत्व गेलं तर वरखेडला परत जायचं होतं. तिथं दीर होते, जावा होत्या, आणि राजधानीत जाऊन काय दिवे लावले, हे विचारायला अख्खा गाव होता. त्यांना भीती वाटली. मग त्यांनी भाषणाची चिठ्ठी मागे घेतली. मनात होतं ते सगळं मनातच ठेवलं आणि नेमणूक रद्द न झाल्याने अजूनही येणाऱ्या आहार-सल्लागाराने आणलेली बासुंदी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पुरती संपवली.

वजनांचा ताळा तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत असे. होकाराचं पारडं दोनशे दहा किलोंनी जड होतं. सुमित्राबाई होकारातून उठून नकारात बसल्या तर इकडचे सत्तेचाळीस कमी आणि तिकडचे सत्तेचाळीस जास्त. म्हणजे चौऱ्याण्णवांचा फरक. तरी एकशे सोळा किलो उरत होते. वाणसामानाच्या यादीमागे त्यांनी ही वजाबाकी तीनदा केली आणि तिन्ही वेळा एकशे सोळाच आले.

विरोधकांकडून ती तूट भरून निघण्याची आशा नव्हती, कारण विरोधक उपोषणाला बसले होते. संसदेसमोरच्या बागेत मांडव घातलेला होता. विरोधी पक्षनेते पुरुषोत्तम गवाणकर आणि त्यांचे सत्तावन्न सहकारी नऊ दिवस अन्नावाचून होते. हार घेऊन लोक येत, त्यांच्या पाया पडत. लोकांत त्यांचं वजन रोज वाढत होतं आणि वाघुळद्यांच्या काट्यावर रोज घटत होतं. सरकार पक्षाने या उपोषणाबद्दल मनापासून आदर व्यक्त केला होता आणि ते असंच चालू राहो, अशी शुभेच्छाही दिली होती.

तोलणीला पाच दिवस असताना एका सकाळी सुमित्राबाई मांडवात गेल्या. गवाणकर लोडाला टेकून पडले होते. मूळचे भरदार गृहस्थ. आता कुडता खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता.

सुमित्राबाई त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. "अण्णा, तुम्ही जेवा," त्या म्हणाल्या.

गवाणकरांनी डोळे उघडले. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने असं म्हणावं, याचा अर्थ त्यांना लागेना. जेवणं शक्य नाही, असं त्यांनी क्षीण आवाजात सांगितलं. आता जेवलो तर लोक तोंडात शेण घालतील. नाही जेवलो तर पारडं वर जाणार, तेही दिसतं आहे. पण शब्द देऊन बसलो.

"शब्द काय दिलाय?"

"अन्न शिवणार नाही, असा."

सुमित्राबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे उपवासच की," त्या म्हणाल्या. "मग उपवासाचं खायला काय हरकत आहे?"

गवाणकर उठून बसले. नऊ दिवसांत ते आधाराशिवाय पहिल्यांदाच उठून बसले होते.

सुमित्राबाईंना यात विशेष काही सुचल्यासारखं वाटलं नव्हतं. त्यांच्या घरी आषाढी-कार्तिकीला नेहमीपेक्षा मोठं पातेलं लागे. एकादशी आणि दुप्पट खाशी हे त्यांच्या सासूबाईंचं लाडकं वाक्य होतं आणि सासूबाई एकशे दोन किलोंच्या होत्या. त्यांनी गवाणकरांना पदार्थ सांगितले: दाण्याचं कूट सढळ घातलेली साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा आणि वर दही. यातलं एकही अन्न नाही. हे सगळं फराळात मोडतं.

विरोधी पक्षाच्या कार्यकारिणीची मांडवातच बैठक झाली. आंदोलन अधिक तीव्र करण्यात येत असून उपोषणाचं रूपांतर आता कडकडीत उपवासात करण्यात येत आहे, असा ठराव एकमताने झाला. दुपारपर्यंत बागेत तीन चुली पेटल्या होत्या. लोक दर्शनाला येत, नेते उपवास करताना पाहत आणि प्रसाद म्हणून द्रोणभर खिचडी घेऊन जात. सुमित्राबाई मांडवात जाऊन आल्याचं थिट्यांच्या कानावर गेलं, पण वर्तमानपत्रांनी ती सौजन्यभेट म्हणून छापली होती आणि थिट्यांनीही ती तशीच धरली. उपास करणारे अशक्तपणामुळे आता काट्यापर्यंत येऊ शकत नाहीत, असं मांडवातून कळवण्यात आलं होतं आणि तिथं जाऊन त्यांची वजनं घ्यायची तसदी थिट्यांनी घेतली नाही. उपास करणारी माणसं जड होतात, असं त्यांच्या वहीत कधी आलेलं नव्हतं.

तोलणीच्या दिवशी अकरा वाजता सभागृह भरलं. नियमाप्रमाणे सगळ्यांनी घड्याळं, अंगठ्या, पाकिटं आणि लेखण्या बाहेर जमा केल्या. पुरुषांना सारखे सदरे, बायकांना चारशे दहा ग्रॅमची सारखी पातळं मिळाली. चष्म्यांना मुभा होती, कारण दृष्टी ही सदस्याची स्वतःची समजली जाते. एका राज्यमंत्र्यांच्या तोंडात पेढा आढळला. विरोधकांनी हरकत घेतली. अध्यक्षांनी पूर्वीच्या निर्णयांची पोथी चाळून सांगितलं की तोंडातला घास विचाराधीन असतो, गिळल्यावर ते सदस्याचं मत होतं. घंटा अजून वाजलेली नसल्याने राज्यमंत्र्यांनी गिळून घेतलं आणि कामकाज पुढं सुरू झालं.

घंटा वाजली. अडीचशेहून अधिक सदस्य उजवीकडे निघाले. सुमित्राबाईही उठल्या. त्या चार पावलं सगळ्यांबरोबर चालल्या, मग थांबल्या आणि वळून डावीकडे गेल्या. वाटेत कोणी अडवलं नाही; एवढं हलकं माणूस कुठं जातं याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नकाराच्या पारड्यात बाकीच्या विरोधकांमध्ये अठ्ठावन्न उपासकरी दाटीवाटीने बसले होते. सगळ्यांची तोंडं तुकतुकीत दिसत होती. गवाणकरांनी सरकून त्यांना कडेला जागा करून दिली.

वाघुळद्यांनी खुंटी काढली. तुळई करकरली. होकाराचं पारडं जरा खाली आलं, मग नकाराचं आलं, मग पुन्हा होकाराचं. असं पाचसहा वेळा झालं आणि दोन्ही पारडी जमिनीपासून सारख्याच उंचीवर थांबली.

वाघुळदे स्टुलावर चढले, काटा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "समसमान," ते म्हणाले.

असं कधी झालेलं नव्हतं. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला: दोन्ही बाजू समान भरल्यास एक बाजू हलकी होईपर्यंत सभागृहाने वाट पाहावी. सभागृह वाट पाहू लागलं. होकाराच्या बाजूने पंखे बंद करण्याची विनंती केली, कारण नकाराच्या बाजूला खिचडी खाल्लेली माणसं होती आणि त्यांना घाम लवकर येईल. नकाराच्या बाजूने पंखे वाढवण्याची विनंती केली. अध्यक्षांनी ते होते तसेच ठेवले. सर्वांना बोलायला मनाई झाली. पाचशे माणसं हवेत श्वास जपून घेत बसली.

वीसेक मिनिटं गेली. होकाराच्या पारड्याच्या कडेला, सुमित्राबाईंच्या अगदी समोर, थिटे बसले होते. दोघांमध्ये आठ-दहा हातांचं अंतर होतं. थिटे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सोयऱ्याने भर पंगतीतून उठून जावं तसं काहीतरी त्यांना लागलं होतं. सुमित्राबाईंना फार वाईट वाटलं. चार शब्द बोलून मन मोकळं करावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ओठ मिटले. मग वाघुळद्यांची प्रश्नांबद्दलची नोंद त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी हात वर केला.

"एक प्रश्न विचारायचा आहे," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी वाघुळद्यांकडे पाहिलं. प्रश्नाला वजन नसतं, असा निर्वाळा वाघुळद्यांनी दिला. परवानगी मिळाली.

"थिटेसाहेब, तुमची शाळा किती पटाची होती?"

थिट्यांनी मागे वळून पाहिलं. पक्षाध्यक्ष त्यांच्या पाठीमागे बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

"अकरा," थिटे म्हणाले.

काटा हलला नाही. अकरा ही माहिती होती आणि माहितीने काही घटत नाही. पण थिटे थांबले नाहीत.

"आमच्या माळावर होती. केसकर गुरुजी होते. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, कडुलिंबाला टांगलेला. मी तिसरीत असताना एक घर ऊसतोडीला गेलं ते तिकडंच राहिलं. पट दहावर आला. अकराच्या खाली गेलं की शाळा बंद, असं तेव्हा होतं. एक पोर कमी पडत होतं. आमची धाकटी जना पाच वर्षांची होती. सहाची असती तर भागलं असतं. आई तिला रोज म्हणायची, जने, जरा लवकर मोठी हो गं."

तुळई अगदी बारीक करकरली. पक्षाध्यक्षांनी थिट्यांच्या सदऱ्याचं टोक धरून ओढलं. थिट्यांना काटा समोरच दिसत होता. तो डावीकडे कलायला लागला आहे, हे त्यांनी पाहिलं. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"मला मामाकडे ठेवलं, म्हणून मी शिकलो," ते म्हणाले. "जना राहिली. तिला सही येत नाही. माझ्या उमेदवारीच्या अर्जावर दर खेपेला पहिली सूचक तीच असते. अंगठा देते आणि मला म्हणते, बरोबर उमटला का रे? सगळे बघतात आणि मी म्हणतो, झकास उमटला."

त्यांचं पारडं सावकाश, कोणाला धक्का न लावता वर गेलं, आणि नकाराचं पारडं जमिनीला टेकलं.

वाघुळद्यांनी काटा वाचला. विधेयक एकशे ऐंशी ग्रॅमनी फेटाळलं गेलं होतं. अध्यक्षांनी तसं जाहीर केलं. नकाराच्या बाजूने टाळ्या वाजवल्या, पण बसल्या बसल्या, कारण वाघुळदे दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवत होते.

एक अडचण निघाली होती. एरवी निकाल दोन-चारशे किलोंचा लागतो. जड पारडं दणकन खाली येतं, जमिनीतल्या खाचेत बसतं, आणि मग वरची मंडळी जिन्याने उतरतात. एकशे ऐंशी ग्रॅमचं पारडं इतकं हळू टेकलं होतं की ते खाचेत बसलंच नाही. जिनाही खाचेला जोडलेला असल्याने पुढं आला नाही. होकाराची बाजू, म्हणजे प्रधानमंत्री, सगळं मंत्रिमंडळ आणि सत्ताधारी पक्ष, अकरा फुटांवर हवेत होती.

शिडीची व्यवस्था करावी लागणार होती. शिडी बांधकाम खात्याकडे असते आणि मागणीपत्रावर बांधकाममंत्र्यांची सही लागते. बांधकाममंत्री वरच होते. वाघुळद्यांनी मागणीपत्र आणि लेखणी तोलून पाहिली. दोन्ही मिळून एकोणीस ग्रॅम भरली, म्हणजे वर पाठवायला हरकत नव्हती. ती बांबूला बांधून वर पोचवण्यात आली. मंत्र्यांनी सही केली. शिक्का राहिला होता. शिक्का अडीचशे ग्रॅमचा होता, म्हणून त्याशिवाय चालवून घ्यावं का, यावर अधिकाऱ्यांत खल सुरू झाला.

थिटे पारड्याच्या कडेवरून वाकून खाली बघत होते. त्यांचा चेहरा ओळखू येऊ नये इतका निवांत दिसत होता.

"वहिनी," ते वरून म्हणाले, "पक्षादेश मोडलात. नोटीस द्यावी लागेल."

"द्या की," सुमित्राबाई म्हणाल्या. "खाली आल्यावर द्या."

"मलाही एक येईल बहुतेक."

"का? तुम्ही तर होकारातच बसला होतात."

थिट्यांनी विचार केला. "वजन घटवल्याबद्दल," ते म्हणाले.

यात तथ्य होतं. सुमित्राबाईंनी मान डोलावली. आता बोलायला हरकत नाही, असं त्यांच्या मनात आलं. घोडदऱ्याच्या त्या मुलीबद्दल निदान गवाणकरअण्णांना तरी सांगावं. पण सांगायचं तर नीट, समोर उभं राहून सांगावं. शिवाय मांडी घालून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी हात टेकला आणि त्या उठायला लागल्या.

अध्यक्ष आपल्या आसनावरून अर्धवट उभे राहिले.

"बाई, कृपा करून बसा," ते म्हणाले. "आणि बोलूही नका. तुम्ही उठलात तर सरकार पडेल."

सुमित्राबाईंनी वर पाहिलं. पारड्याच्या कडेने मंत्र्यांचे अनवाणी पाय ओळीने लोंबत होते. त्यांनी पाय बदलला, पातळ नीट केलं आणि पुन्हा मांडी घातली.